अर्धा कोयता

बाईंना शुगर आहे, असं सगळ्या वस्तीचं ठाम मत होतं. दसरा झाला की बाई साखर बंद करत. चहा कोरा आणि बिनसाखरेचा. गूळही नाही. दिवाळीत कुणी लाडू आणून दिला तर तो शेजारच्या म्हातारीच्या ताटात. मग आयाबाया हळहळत. कुणी कारल्याचा रस आणून देई, कुणी जांभळाच्या बियांची पूड, कुणी कडुलिंबाची कोवळी पानं. बाई सगळं मुकाट्याने घेत आणि माणूस वळला की कारल्याचा रस माझ्या गळ्यात मारत. "पी गं. रक्त साफ होतंय." माझ्या रक्ताला काही झालेलं नव्हतं, पण बाईंना नाही म्हणायची माझी टाप नव्हती.

गंमत अशी की होळी सरून उन्हं तापायला लागली की याच बाई चहात तीन-तीन चमचे साखर घालत आणि बशीत ओतून आवाज करत पीत. वस्तीवरचा एक म्हातारा डोकं खाजवत मला म्हणाला होता, "हिवाळ्यात उलटती आन उन्हाळ्यात बरी हुती, असली कसली ही शुगर?"

मला ते कळायला एक अख्खा हिवाळा जावा लागला.

शाळा पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला होती. जिल्हा परिषदेची, दोन खोल्यांची. बाई मुख्याध्यापक आणि मी नव्याने लागलेली दुसरी शिक्षिका. म्हणजे सगळा कारभार आम्हा दोघींचाच. जवळपास राहायला जागा नव्हती, म्हणून मी बाईंच्याच घरात एक खोली घेऊन राहिले. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. का नव्हतं, ते मी विचारलं नाही; तिथं कुणीच विचारत नसे. शेजारी त्यांच्या धाकट्या भावाचं घर होतं आणि दोन्ही घरांत एकच अंगण.

माझं माहेर राहात्याकडचं, पाटपाण्याचं. आमच्या दाराशी बारा महिने ऊस उभा असतो आणि पाहुण्याला फिका चहा दिला तर सोयरीक मोडायची वेळ येते. एकाच जिल्ह्यातली ही दोन टोकं. जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण पाण्यानं काही आपली वाट बदलली नाही. बाईंच्या घरात टँकरच्या पाण्यानं आधी तांदूळ धुतले जात, मग त्याच पाण्यात भांडी विसळली जात आणि उरलेलं दारातल्या लिंबाला. पहिल्या आठवड्यात मी सवयीनं बादलीभर पाणी अंगणात ओतलं, तेव्हा बाईंनी मला नाव ठेवलं ते कायमचं: "ए बागायतदारीन!"

शाळेत बाई शुद्ध बोलत, पुस्तकातल्यासारखं. घराचा उंबरा ओलांडला की त्यांची भाषा अनवाणी होई. रागावल्या की मात्र दोन्हीकडे सारख्याच.

तर तो पहिला हिवाळा. दसऱ्यानंतर वस्तीत ट्रक येऊन उभे राहिले. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या होत्या. ट्रकात भांडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्या, चुलीच्या तीन विटा आणि त्या सगळ्याच्या वर आमच्या शाळेतली पोरं. बाई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. ट्रक हलायच्या आधी त्यांनी चाकावर पाय देऊन वर चढून प्रत्येक पोराच्या डोक्यावर हात ठेवला. कुणाला पाढे पाठ कर म्हणाल्या, कुणाला आईच्या मागं उसात शिरू नको म्हणाल्या, कोयता लागतो. घरी आल्यावर त्यांनी साखरेचा डबा चुलीजवळून उचलला आणि कपाटावर ठेवला.

"पाव्हन्यापुरता खाली काढायचा," त्या मला म्हणाल्या. "आन तू पाव्हनीच हायेस, तुला लागंल तेवढी घे."

मी घेतली. आमच्या घरचीच होती ती एका परीने, मी लाजू कशाला? पण दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि मूठभर पोरांपुढे हजेरी घ्यायला लागले. नाव घ्यायचं आणि थांबायचं. थांबायचं आणि पुढचं नाव घ्यायचं. तेव्हा मला बाईंची शुगर कळायला लागली. पोरं उसात असेपर्यंत बाई साखर खात नव्हत्या. उरलेलं हंगाम संपल्यावर कळलं: शेवटचा ट्रक परत आला की त्या शाळेच्या दारात डबा घेऊन उभ्या राहत आणि आलेल्या प्रत्येक पोराच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवत. पोरं चाटत. सगळ्यांचं झालं की मग स्वतःच्या तळहातावर.

हे व्रत त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर कारल्याच्या रसापासून तरी सुटका झाली असती. मी तसं म्हणाले, तर म्हणाल्या, "सांगितलं की लोक पाया पडत्यात. त्यापरीस कारलं बरं."

दर शनिवारी त्यांचा एक तास असे, वेळापत्रकात नसलेला. पोरांनी घरातली एक वस्तू आणायची आणि ती कुठून कुठून, कुणाच्या हातून आली ते सांगायचं. भाकरी आणली तर पेरणारा, खुरपणारी, काढणारा, दळणारा आणि आई. केरसुणी आणली तर शिंदीची झाडं कुठं आहेत तिथपासून. एकदा एका पोरानं जत्रेतली प्लॅस्टिकची मोटार आणली आणि जत्रेच्या मागं त्याला काही जाता येईना. बाईंनी ती मोटार हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "जिचा माग लागत नाही, ती वस्तू घेताना दोनदा विचार करायचा." पोरगं रडवेलं झालं. मग बाईंनीच ती चावी देऊन वर्गभर पळवली.

हा माग काढायचा रोग त्यांना घरीही होता. माझी नवी ओढणी, चहाची पावडर, साबण, कशावरही त्यांचा प्रश्न ठरलेला: "हे कुटून आलं?" एकदा मी वैतागले. बाई सकाळी मोरीच्या आडोशाला बसून मिश्री लावत, हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी मागं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "बाई, ही तंबाखू कुठून आली?" बोट तोंडातच राहिलं त्यांचं. मग चूळ भरून, पदरानं तोंड पुसून, डोळे वटारून म्हणाल्या, "ते इचारू नको." पुढे आठवडाभर माझ्या ओढणीला कुणी काही विचारलं नाही.

त्याच हिवाळ्यात शाळा तपासायला एक साहेब आले. खुर्चीवर बसले, हजेरीपट बघितला आणि चढ्या आवाजात बोलायला लागले. पटावर एवढी नावं आणि वर्गात ही चार टाळकी? तुम्ही घरोघर जात नाही का? पालकांचं प्रबोधन करत नाही का? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी समोर बसून पाहिलं. मी चहा दिला होता, साहेबांच्या आवडीप्रमाणे भरपूर साखरेचा. ते घोट घेऊन पुन्हा म्हणाले, "बाकीची मुलं कुठं आहेत, ते सांगा आधी."

"साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "बाकीची तुमच्या कपात आहेत."

साहेब आधी हसले. मग त्यांनी कपात बघितलं. मग कप अर्धा ठेवून उठले आणि शेऱ्यात काय लिहायचं ते न लिहिताच गेले. मला वाटलं, बाई खूश असतील. तर त्या त्या अर्ध्या कपाकडे बघत धुसफुसत होत्या. "अर्धा टाकून गेला बघ! सोडायचा तर हातात घ्यायच्या आधी सोडावा मानसानं. आता ही साखर कुनाच्या कामाला आली?" तो चहा त्यांनी शाळेपुढच्या झाडाच्या मुळाशी ओतला, तोही हळहळत.

पुढच्या दसऱ्याला मी त्यांना स्पष्टच विचारलं, तुम्ही साखर सोडल्यानं उसाचं एक कांडं तरी कमी तुटतं का? कारखान्याला कळतं तरी का? त्यांचं उत्तर यायच्या आधी त्यांच्या भावानंच दिलं. तो उसाला निघायच्या आदल्या दिवशी ओट्यावर बसला होता. अंगानं उभा-आडवा, बोलायला कमी. बहिणीपुढे तर फारच कमी. पण त्या दिवशी बोलला.

"आक्के, समद्या जगानं तुज्यावानी साखर सोडली तर आमी काय खावं? कारखाना बंद पडला तर आमाला कोन इचारतंय? इथं पाऊस हाय का पानी हाय?"

भाऊ गेल्यावर बाई बराच वेळ निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसल्या. मग म्हणाल्या, "त्याचं खोटं न्हाई."

"मग?"

"मग काय? कारखान्याला कळावं म्हनून न्हाई गं सोडत मी. मला इसर पडू नये म्हनून. साखर खाऊ नका असं मी कुनाला म्हनते का? फुकटची असल्यावानी खाऊ नये, येवढंच."

त्यात त्यांचं समाधान झालेलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. भावाचा प्रश्न त्यांच्या पायात काट्यासारखा राहिला होता आणि तो काढायचा कसा, हे त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही असं मला वाटतं. पण काटा आहे हे त्यांनी कधी नाकारलं नाही. माझ्या माहितीतली हुशार माणसं अशा वेळी वादात जिंकून मोकळी होतात.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. नारळ, शाल, भाषणं सगळं झालं. त्या वेळी शीतल, म्हणजे त्यांच्या भावाची मुलगी, नववीतून दहावीत गेली होती. थोरली, हुशार आणि बाईंसारखीच हट्टी. दर हंगामात आईबाप उसाला गेले की ती आत्याकडे राही. वस्तीतल्या तिच्या बरोबरीच्या पोरी एकेक करून उसात गेल्या होत्या आणि उसातून थेट बोहल्यावर. शीतल तेवढी राहिली होती. बाईंनी तिला उसाच्या फडात पाऊल टाकू दिलं नव्हतं. सुट्टीत आईबापाला भेटायलासुद्धा नाही. "एकदा हाताला सवय लागली की हात परत येत न्हाई," असं त्या म्हणत.

पावसाळ्यात शीतलच्या आईचं गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन झालं. अजून चाळिशीही गाठली नव्हती तिनं. पण उसात दुखणं काढत बसता येत नाही, म्हणून त्या भागातल्या बाया ते लवकर उरकून घेतात. डॉक्टरांनी सांगितलं, जड उचलायचं नाही. आणि उसात बाईमाणसाचं काम तेच असतं. पुरुषानं तोडायचा, बायकोनं मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि अरुंद फळीवरून चालत ट्रकात नेऊन टाकायची. दोघं मिळून एक कोयता. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात.

दसऱ्यानंतर टोळीचा मुकादम अंगणात आला. मी ओट्यावर वह्या तपासत होते. भावानं उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली होती, ती ऑपरेशनला लागली होती.

"कोयता पुरा पायजे," मुकादम म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता. घसा खाकरून, खाली बघून बोलत होता. "अर्धा कोयता घिऊन मी काय करू? कारखान्यावर मला तोंड दाखवायचंय."

भाऊ जमिनीकडे बघत म्हणाला, "पोरगी यील."

शीतल दारात उभी होती. तिच्या हातात भूमितीचं पुस्तक होतं, ते तिनं मिटलं. मला वाटतं, तिनं मनातल्या मनात सगळंच मिटलं असावं. आत बाजेवर तिची आई तोंडात पदर घालून पडली होती.

बाई घरातून बाहेर आल्या. आधी त्या मुकादमाशी पैशाचं बोलल्या. मी भरते म्हणाल्या. तो हात जोडून म्हणाला, "बाई, पैसं घिऊन काय करू? मला मानसं लागत्यात. दसरा झाल्यावर आता मानूस कुटून आनू?"

"पोरीची दहावी हाय," बाई म्हणाल्या. "ती येनार न्हाई. मी येते."

मुकादम हसला. मग बाई हसत नाहीत हे बघून थांबला. "अवो बाई, तुमी हेडमास्तर..."

"हुते. आता रिकामीच हाय."

"मोळी डोक्यावर घ्यावी लागती. फळी चढावी लागती."

"मला काय सांगतोस? मी तान्ही हुते तवा माय मला पाठीशी बांधून मोळ्या न्यायची."

भाऊ ताडकन उठला. त्याला इतकं बोलताना मी पुन्हा कधी ऐकलं नाही. "आक्के, लोक काय म्हनतील? भावानं मास्तरीन भनीला उसात नेली! तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का मला?"

"तू सातवीतनं निघालास तवा लोक काय म्हनले?" बाईंनी विचारलं.

भाऊ बसला. हे मला त्या दिवशी कळलं. बाप वारला तेव्हा घरातून एकालाच शिकवता येणार होतं. बाई डी.एड.ला होत्या, तो सातवीत होता, आणि अर्धा कोयता कमी पडत होता म्हणून तो आईबरोबर गेला. तेव्हाही भाऊ-बहीण दोघांपैकी कुणी काही बोललं नव्हतं, आणि नंतरही नाही.

बाई गेल्या. ट्रकात, गोधड्या आणि कोंबड्यांच्या वर, त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांबरोबर. या वेळी रस्त्याच्या कडेला मी उभी होते. चाकावर पाय देऊन वर चढले, गोधडी त्यांच्या पायांवर ओढली. त्याच म्हणाल्या, "पोरीचं गनित कच्चं हाय. भूमितीत आकृती काढते आन कारन लिहीत न्हाई. तेवढं बघ."

मी बघितलं. शीतल रोज संध्याकाळी माझ्याकडे बसे. आठवड्यातून एखादा फोन येई, कधी या तालुक्यातून, कधी त्या. मागं ट्रॅक्टरचा आवाज. बाईंचं तब्येतीबद्दल अवाक्षर नाही, फक्त प्रमेयं, निबंध आणि शीतलची आई औषध घेते का. मधेमधे खोकला. "पाचटाची धूळ हाय," म्हणत.

थंडीत टोळी राहात्याजवळ आल्याचं कळलं. मी माहेरी गेले होते, तिथून माझ्या भावाच्या मोटारसायकलवर बसून फडावर गेले. ऊस मला नवा नाही. मी उसात लपाछपी खेळत वाढलेली मुलगी. पण फडाच्या कडेला उभी राहून मी बाईंना शोधत होते आणि बाई मला दिसत नव्हत्या, कारण मी पांढऱ्या केसांची, चष्म्याची, ताठ मानेची बाई शोधत होते. समोरून एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन आली, फळीवर पाय ठेवला, एक क्षण डगमगली आणि वर गेली. मोळीच्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्यांनी, तोंड झाकलेलं होतं. ती खाली उतरली आणि म्हणाली, "आलीस का गं बागायतदारीन?"

मला रडू फुटलं. बाईंना ते आवडलं नाही. "फडात रडू नको, मुकादमाला वाटंल मला काय झालंय." हातांवर उसाच्या पानांनी कापलेल्या बारीक रेघाच रेघा होत्या, खडूच्या हातांवर कधी बघितल्या नव्हत्या तशा. चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यांनी मला कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीत नेलं, चूल पेटवली आणि चहा टाकला. आणि माझ्या देखत, मूठ भरून, त्यात साखर घातली. दोघींच्याही.

"बाई, हंगाम चालू आहे," मी म्हटलं.

"म्हनून तर. साखरंबिगर मोळी उचलत न्हाई गं." त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "ती सोडायची ती लांब बसलेल्यांनी. मी लांब हुते तवर सोडली."

मी कप हातात धरून बसले. आमच्या घरचा ऊस दोन शेतं पलीकडे उभा होता. कुणीतरी अशीच येऊन तो नेणार होतं आणि माझी आई त्यांना तांब्याभर ताक देऊन धन्य होणार होती. मला राग आला, कुणाचा ते सांगता येणार नाही. पण कप मी पूर्ण संपवला. बाईंसमोर अर्धा ठेवून उठायची हिंमत नव्हती.

मार्चमध्ये शीतलची परीक्षा झाली. शेवटचा पेपर भूगोलाचा. तो देऊन ती घरी आली आणि पिशवी भरूनच माझ्यापुढं उभी राहिली. "मला आत्याकडं घिऊन चला. पेपर दाखवायचाय त्यास्नी." हंगाम संपायला अजून पंधरवडा तरी होता. तिची आईही म्हणाली, जाऊ द्या, पोरगी कधी गेली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं आम्ही निघालो, नगरला गाडी बदलली आणि दुपार व्हायच्या आत राहात्याजवळच्या फडावर पोचलो.

बाई सुकल्या होत्या. खोकला बोलण्यात मधेमधे येत होता. पण शीतलला बघितल्यावर त्यांनी डोक्यावरची चुंबळ काढून बाजूला ठेवली, बांधावर बसल्या, चष्मा पुसला आणि हात पुढं केला. शीतलनं प्रश्नपत्रिका दिली. बाई वाचायला लागल्या. एकेक प्रश्न, बोट ठेवून. फडात त्यांचा आवाज पुन्हा वर्गातला झाला. "नकाशात सगळं भरलंस? सूची काढलीस?" शीतल उत्तर देत होती. पुढे तिचं उत्तर लांबून आलं, मग आलंच नाही. बाई वाचत राहिल्या. मी बघत होते, पण मलाही आधी कळलं नाही.

बाईंनी मान वर केली तेव्हा शीतल फडात होती. बापानं तोडून टाकलेला ऊस तिनं गोळा केला, वाढ्याचा पीळ घातला, गुडघा रोवून गाठ मारली आणि चुंबळ डोक्यावर ठेवून मोळी उचलली. फळीवरून वर गेली, रिकामी होऊन खाली आली. एवढ्या वेळात तिनं खाली एकदाही बघितलं नाही.

बाई उठून तरातरा गेल्या आणि तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात त्यांनी कुठल्या पोरावर हात उगारलेला मी पाहिला नव्हता. सगळी टोळी थांबली.

"मारा," शीतल म्हणाली. "पन घरी जा."

"अकरावी हाय तुला. कळतंय का?"

"अकरावी जूनमधी हाय, आत्या. ऊस आजच हाय." तिचा गाल लाल झाला होता, पण आवाज हलला नाही. "तुमचा खोकला मला फोनवर ऐकू येत न्हाई व्हय? तुमी इथं पडलात तर मी त्या अकरावीचं काय करू? माझा पेपर झाला. तुमचं काम झालं. आता जावा."

बाईंनी भावाकडे बघितलं. तो कोयता हातात घेऊन उभा होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. त्यानं नुसती मान हलवली. मुकादम लांबून बघून पुन्हा ट्रककडे वळला. त्याच्या दृष्टीनं कोयता पुराच होता.

शीतल पास झाली, पुढं नगरला शिकायला गेली, हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आम्हाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी बाईंची गोधडी आणि कपडे गोळा केले आणि त्यांना रस्त्यावर घेऊन आले. एस.टी.त खिडकीशी बसवलं. दोन्ही हात त्यांनी मांडीवर उताणे ठेवले होते. दोन्ही बाजूंनी ऊस, ऊस आणि ऊस मागं जात होता. मी काहीबाही बोलले, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, येईल ती, असं. त्यांनी ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. कोल्हार गेलं. पुलावर गाडी सावकाश झाली तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लई घट बांधली गं पोरीनं मोळी. कुनी शिकीवलं न्हाई तिला."

आणि मग राहुरी येईपर्यंत रडत राहिल्या.